पिक्चर-गाण्यांच्या डिस्कसाठी लिनक्सवर कुठली फाइलसिस्टिम? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

आठवड्याला दोन-तीन जण तरी हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. घरातल्या जुन्या पीसीला किंवा रास्पबेरी पायला लावलेली डिस्क, तिच्यावर पिक्चर, गाणी, लग्नाचे व्हिडिओ, फोटो, एवढंच इथे धरलंय. ऑफिसच्या सर्व्हरचे प्रश्न इथे नाहीत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.

१. फाइलसिस्टिम म्हणजे नक्की काय? डिस्क ती डिस्क, त्यात एवढं निवडायचं काय?

डिस्क म्हणजे नुसती जमीन, आणि फाइलसिस्टिम म्हणजे तिचा सातबारा. कुठली फाइल कुठल्या तुकड्यावर, नाव काय, मालक कोण, किती जागा पडीक आहे, सगळं त्यात. सातबारा खराब झाला तरी जमीन कुठे जात नाही, पण कुठला तुकडा कुणाचा ते सांगता येत नाही, डेटा "उडाला" म्हणतात तो बऱ्याचदा असाच उडालेला असतो. हा सातबारा कोण किती नीट ठेवतो आणि बिघडला तर दुरुस्त कसा होतो, एवढ्यासाठी निवडायचं.

२. दादा लेक्चर नको, एका ओळीत सांगा कुठली घेऊ.

फक्त लिनक्सलाच लावणार असाल तर एक्स्ट४, टीव्ही आणि विंडोजलाही फिरवणार असाल तर एक्सफॅट, बाकी सगळं ज्याला हौस आहे त्याच्यासाठी.

३. पण एक्स्ट४ जुनी झाली ना? नवीन काहीतरी फास्ट असेल की.

डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ती स्टेबल झाली, म्हणजे जुनी आहेच, आणि मला तेच आवडतं. पिक्चरची डिस्क एकदा लिहायची आणि शंभरदा वाचायची असते, आणि ४के ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट म्हणजे १६ मेगाबाइट, आजची साधी फिरती डिस्क सेकंदाला शंभरच्या वर मेगाबाइट आरामात देते, मग फाइलसिस्टिमने अजून दोन टक्के वाढवून तुम्हाला करायचंय काय? पिक्चर अडकतोय तो बहुतेक वेळा वायफायमुळे किंवा ट्रान्सकोडिंगमुळे (चालता चालता व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं). एक्स्ट४चा खरा फायदा संकटात कळतो, लिनक्स थेट चालवणारा कुठलाही लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, डिस्क उघडते आणि दुरुस्तीची हत्यारं आधीच त्यात असतात.

४. एक्सएफएसबद्दल काय? मोठ्या फाइलींसाठी तीच चांगली म्हणतात.

चांगली आहेच. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९०च्या दशकात त्यांच्या आयरिक्स ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवली, आणि रेड हॅटने २०१४ साली त्यांच्या आरएचईएल ७ ह्या लिनक्समध्ये डिफॉल्ट केली. पूर्ण डिस्क फक्त व्हिडिओला द्यायची असेल तर डोळे झाकून घ्या. एकच मोठी अडचण, पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) वाढवता येतं पण लहान करायचं म्हटलं तर जमत नाही समजा. "पुढच्या वर्षी ह्यातलेच ५०० जीबी काढून दुसरं काहीतरी टाकू" असा विचार असेल तर एक्स्ट४, ती अनमाउंट करून (म्हणजे सिस्टिमपासून सोडवून) लहान होते. दुरुस्तीचं तंत्रही वेगळं आहे, ते प्रश्न १६ मध्ये.

५. ८ टीबीची डिस्क घेतली, दिसते ७.२७, फॉरमॅट केल्यावर तर अजून कमी. दुकानदाराने गंडवलं का?

नाही हो. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

पहिली, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४च्या, त्यामुळे ८ टीबीचे ७.२७ होतात. ह्यात जागा गेलेली नाही, नुसतं माप बदललंय.

दुसरी, एक्स्ट४ फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य यूजरसाठी, राखून ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर हे बरोबर आहे, भरली तरी लॉगिन होतं. पण पिक्चरच्या ८ टीबी डिस्कवर ५ टक्के म्हणजे ४०० जीबी! ते सोडवायला "ट्यून२एफएस -एम १" आणि पुढे पार्टिशनचं नाव, डेटा हलत नाही, फॉरमॅट लागत नाही, सेकंदात होतं. शून्यही चालतं, मी १ ठेवतो, कारण डिस्क काठोकाठ भरली की फाइलींचे तुकडे व्हायला लागतात. सिस्टिमच्या पार्टिशनवर मात्र हे करू नका.

तिसरी कुणाच्या लक्षातच येत नाही. एवढ्या मोठ्या डिस्कवर दर ३२ केबीमागे एक आयनोड धरून एक्स्ट४ आधीच तक्ता आखून ठेवते, आयनोड म्हणजे एका फाइलची नोंद, प्रत्येकी २५६ बाइटची. ८ टीबीवर ह्या नुसत्या कोऱ्या नोंदींनाच साधारण ६२ जीबी जातात. म्हणून फॉरमॅट करताना "-टी लार्जफाइल४" (टी कॅपिटल) द्या, मग दर ४ एमबीला एक नोंद पडते, ६२ जीबीचे अर्धा जीबी होतात आणि तरीही १९ लाख फाइली मावतात. पोस्टर, सबटायटल धरून कुणाच्या घरी एवढे पिक्चर नसतात. फोटो आणि लॅपटॉपचे बॅकअपही त्याच डिस्कवर असतील तर "लार्जफाइल" घ्या, ७६ लाख मिळतात. हे प्रमाण नंतर बदलता येत नाही, म्हणून फॉरमॅटच्या आधी दोन मिनिटं विचार करा. एक्सएफएसमध्ये ही भानगड नाही, ती लागेल तशा नोंदी बनवते.

६. नवीन डिस्क फॉरमॅट केली, काही कॉपी करत नाहीये, तरी रात्रभर टकटक आवाज. खराब निघाली का?

बहुतेक नाही. एक्स्ट४ वरचा तक्ता पूर्ण न लिहिताच "झालं फॉरमॅट" म्हणते आणि उरलेलं काम माउंट केल्यावर मागे बसून करते. आयओटॉपमध्ये (डिस्क कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) "एक्स्ट४लेझीइनिट" दिसलं की समजा तेच. थोड्या वेळाने आपोआप थांबतं, मध्ये बंद केलं तरी पुढच्या वेळी तिथून सुरू. लार्जफाइल४ वापरलं तर हे लवकर आटोपतं, तक्ताच छोटा ना. हे काहीच नसताना आवाज येत असेल तर प्रश्न १५.

७. आधीची विंडोजवाली एनटीएफएस डिस्क आहे, ३ टीबी भरलेली. तशीच वापरू का? डेटा न घालवता एक्स्ट४ करता येईल?

वाचायला तशीच वापरा, काही बिघडत नाही. ५.१५ कर्नलपासून, म्हणजे २०२१ पासून, पॅरागॉनने दिलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, त्याआधीचा एनटीएफएस-३जीही चालतो. पण रोज लिहायला मी देत नाही, कारण बिघडली तर नीट दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच होते, लिनक्सवरचं एनटीएफएसफिक्स नुसतं जुजबी. आणि "डिस्क रीड-ओन्ली का झाली" असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी विंडोज फास्ट स्टार्टअप चालू ठेवून बंद केलेलं असतं, म्हणजे ते बंद झालेलंच नसतं, अर्धवट झोपलेलं असतं. ते सेटिंग बंद करा.

जागच्या जागी एक्स्ट४ करायची सोपी, भरवशाची वाट नाही. मित्राची डिस्क आठवडाभर मागून आणा, आरसिंक कमांडने कॉपी करा, परत आरसिंक "--चेकसम" लावून तपासा, मगच मूळ डिस्क फॉरमॅट करा. ही तपासणी गाळून रडलेली माणसं मी पाहिलीत.

८. डिस्क टीव्हीला पण लावायचीय. टीव्ही एक्स्ट४ ओळखत नाही.

बहुतेक टीव्ही ओळखत नाहीत. फॅट३२ सगळीकडे चालते पण एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी, त्यामुळे बाद. उरली एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने तिची माहिती २०१९ मध्ये खुली केली आणि २०२० मध्ये ५.७ कर्नलमध्ये सॅमसंगचा ड्रायव्हर आला, तेव्हापासून लिनक्सवर निवांत चालते. फक्त तिला जर्नल (बदलांची कच्ची वही, प्रश्न १० बघा) नाही, लिहिता लिहिता वायर ओढली तर सातबाराच अर्धवट राहतो.

माझं मत विचाराल तर डिस्क टीव्हीपाशी नेऊच नका. डिस्क एक्स्ट४ ठेवा, पीसीला लावा, आणि सांबा (फोल्डर शेअर करणारं) नाहीतर जेलीफिनने (घरचा मीडिया सर्व्हर) नेटवर्कवरून टीव्हीला द्या. नेटवर्कवरून बघताना पलीकडे कुठली फाइलसिस्टिम आहे हे टीव्हीला कळतही नाही. मोबाइलवाल्यांनाही हेच उत्तर.

९. कॉपी १०० टक्के दाखवली, डिस्क काढली, आणि पिक्चर शेवटी अडकतो. असं कसं?

लिनक्स आधी सगळं रॅममध्ये घेतं, पट्टी तिथेच १०० होते, आणि डिस्कवर लिहिणं मागे चालूच असतं. मी स्वतः चुलतबहिणीच्या हळदीचा व्हिडिओ असाच घालवलाय, रिक्षा दारात उभी होती, पट्टी भरली, वायर ओढली, आणि घरी पोचल्यावर उखाण्याच्या मध्येच व्हिडिओ संपला. तेव्हापासून "सिंक" टाइप करून प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबतो, मग अनमाउंट, मग वायर. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावायचा नाही.

१०. आमच्याकडे लाइट सारखी जाते. कुठली फाइलसिस्टिम टिकेल?

एक्स्ट४, एक्सएफएस दोन्ही टिकतात, दोघींना जर्नल आहे. सातबाऱ्यात बदल करायच्या आधी तो कच्च्या वहीत लिहितात, लाइट आल्यावर वही बघून पुरा करतात. पण जर्नल वाचवतं ते नोंदींना, त्या क्षणाला उतरत असलेला पिक्चर अर्धाच राहणार. आधीचे शाबूत राहतात. बीटीआरएफएस आणि झेडएफएस ह्या आणखी दोन फाइलसिस्टिम (प्रश्न १४) वेगळ्या पद्धतीने तेच साधतात. एक्सफॅट ह्या कामाला नको.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. मोठ्या ३.५ इंची बाहेरच्या डिस्कला स्वतःचा ॲडाप्टर असतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर मस्त चालू, तुम्हाला वाटतं सगळं ठीक, आणि डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडलेली असते. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, आणि राउटरच्या आधी ह्या ॲडाप्टरचा नंबर लावा.

११. मराठी नावाच्या फाइली कॉपी होत नाहीत. "फाइलचं नाव फार लांब" असं येतं. विंडोजवर तर चालत होतं!

हा माझा लाडका प्रश्न आहे, कारण इंग्रजीत कुठे शोधलं तर उत्तर धड सापडत नाही, त्यांना हा त्रासच होत नाही.

एनटीएफएस आणि एक्सफॅट नावातली अक्षरं मोजतात, २५५ पर्यंत. एक्स्ट४, एक्सएफएस, बीटीआरएफएस बाइट मोजतात, त्याही २५५च. इंग्रजी अक्षर एक बाइटचं, पण यूटीएफ-८ मध्ये (लिनक्सची अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळं वेगळं मोजायचं. "च्या" म्हणजे च, हलन्त, य, काना, बारा बाइट झाले. म्हणजे लिनक्सवर मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हं मिळतात.

माझ्याकडची खरी फाइल सांगतो: "आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, भाग तिसरा, माळवदावरचं रेकॉर्डिंग, दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ", आणि पुढे डॉट एमपी३. विंडोजच्या हिशोबाने १०२ अक्षरं, निम्मंही नाही. लिनक्सच्या हिशोबाने नुसत्या देवनागरीचेच ८५ गुणिले ३ म्हणजे २५५, वर जागा, स्वल्पविराम आणि एक्स्टेन्शनचे १७, एकूण २७२. गेली बाहेर. शिवाय कॉपी करताना अशा फाइली मागे राहतात आणि हजार ओळींत ती एक एरर दिसत नाही. म्हणून फॉरमॅट करायच्या आधी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा. नाव छोटं करा आणि बाकी माहिती फाइलच्या टॅगमध्ये टाका.

उलट दिशेलाही गोची आहे. लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन चालतं, एक्सफॅटवर नाही. आणि जुन्या मॅकवरून आणलेल्या फोल्डरमध्ये "दऱ्या"मधला ऱ हा र अधिक नुक्ता असा फोडलेला असतो, लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात, म्हणून "सह्याद्रीच्या दऱ्या" नावाचे दोन फोल्डर शेजारीशेजारी दिसले तर डोळे चोळू नका, एक फोल्डर मॅकचा आहे.

१२. जेलीफिनला डिस्क दिसते पण फोल्डर रिकामा. मला तर सगळं दिसतंय.

डेस्कटॉपवर क्लिक करून डिस्क उघडली की ती "/मीडिया/तुमचं नाव" किंवा "/रन/मीडिया/तुमचं नाव" मध्ये जाते, आणि ते दार फक्त तुमच्यासाठी उघडं असतं. जेलीफिन वेगळा यूजर आहे, तो बाहेर उभा. डिस्क "/एमएनटी" किंवा "/एसआरव्ही"खाली एफस्टॅबमधून (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) माउंट करा, पुढचा प्रश्न बघा. एक्स्ट४वर फोल्डरला वाचायची परवानगी द्या. एक्सफॅटला परवानग्या कळतच नाहीत, तिथे माउंट करतानाच यूआयडी, जीआयडी, यूमास्क (मालक, गट, परवानग्या) द्यावे लागतात, चमोड ही परवानगी बदलायची कमांड चालवून काही होत नाही. आणि कृपा करून ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) करत सुटू नका.

१३. एफस्टॅबमध्ये काय लिहू? एकदा चुकलं तर पीसी सुरूच झाला नाही.

एसडीबी१, एसडीसी१ असं नाव लिहू नका, पोर्ट बदलला की नाव बदलतं. बीएलकेआयडी कमांडने यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख नंबर) काढा, तो लिहा. ऑप्शनमध्ये "नोफेल" हवंच, नाहीतर डिस्क लावलेली नसली की सिस्टिम दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाते, तुमचं तेच झालं. "नोएटाइम"ही टाका, पिक्चर बघितल्याची वेळ लिहून ठेवायची गरज नाही.

आता नोफेलची दुसरी बाजू. डिस्क माउंट झाली नाही तर "/एमएनटी/पिक्चर" हा साधा रिकामा फोल्डर उरतो, टॉरेंट बिचारं त्यातच उतरवत बसतं आणि सिस्टिमची छोटी एसएसडी भरून जाते. उपाय: डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर "चॅटर +आय" करा. मग डिस्क नसेल तर तिथे काही लिहिताच येत नाही.

१४. फाइली आपोआप सडतात म्हणे. मग बीटीआरएफएस किंवा झेडएफएस घेऊ का? माझ्याकडे चार वेगवेगळ्या साइझच्या डिस्क आहेत.

दोन्ही प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतात आणि स्क्रब, म्हणजे पूर्ण तपासणी, चालवलं की कुठली फाइल बिघडली ते सांगतात. पण एकाच डिस्कवर डेटाची दुसरी प्रत नसते, त्यामुळे ती सांगेल "बिघडली", दुरुस्त नाही करणार. बीटीआरएफएसचं रेड५ आणि रेड६ (डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क जोडायच्या पद्धती) अजून वापरू नये असं त्यांचेच लोक सांगतात. झेडएफएस मजबूत आहे, पण लायसन्समुळे कर्नलमध्ये येत नाही, नवा कर्नल आला की मॉड्यूल मागे राहायची कटकट. एका टीबीमागे एक जीबी रॅम हवी ही मात्र अफवाच समजा.

वेगवेगळ्या साइझच्या डिस्कसाठी मी मर्जरएफएस आणि स्नॅपरेड सांगतो. प्रत्येक डिस्कवर साधी एक्स्ट४, मर्जरएफएस त्या एकत्र दाखवतं, स्नॅपरेड चेकसम आणि पॅरिटी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशोब) ठेवतं. एक डिस्क मेली तरी बाकीच्या तशाच वाचता येतात. पॅरिटीची डिस्क सगळ्यांत मोठीएवढी तरी हवी. इथे एक खाचखळगा आहे, एक्स्ट४वर एक फाइल १६ टीआयबीपेक्षा (१०२४च्या मापातले टीबी) मोठी होत नाही, आणि १८ टीबीची डिस्क १६.३७ टीआयबी भरते. म्हणजे एवढी मोठी पॅरिटी एका फाइलीत मावत नाही, त्या डिस्कला एक्सएफएस करा किंवा पॅरिटीच्या दोन फाइली करा. आणि ह्यातलं काहीही बॅकअप नाही, चुकून डिलीट केलेलं पॅरिटी वाचवते ते पुढचं सिंक चालवेपर्यंतच. लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो दुसऱ्या घरातल्या डिस्कवर ठेवा, पिक्चर काय, परत मिळतात.

१५. महिन्याला काय काय करायचं? डीफ्रॅग करू का?

डीफ्रॅग विसरा. टॉरेंटमध्ये "आधी जागा राखून ठेवा" हे सेटिंग चालू केलं की बहुतेक प्रश्न मिटतो. एसएसडी असेल तर एफस्ट्रिमचा (एसएसडीला रिकामी जागा कळवणारी कमांड) टायमर चालू आहे ना बघा, बास.

खरं काम म्हणजे स्मार्ट, डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. महिन्यातून एकदा स्मार्टसीटीएलने लाँग टेस्ट रात्री लावून झोपा. सकाळी तीन आकडे बघा. ५ नंबरचा रीॲलोकेटेड सेक्टर आणि १९७ चा पेंडिंग सेक्टर शून्य हवेत, वाढत असतील तर त्याच दिवशी डेटा हलवा. १९९ चा सीआरसी वाढत असेल तर डिस्कला शिव्या देऊ नका, वायर बदला. वर्षातून एकदा अनमाउंट करून "ई२एफएससीके -एफ" ही एक्स्ट४ची तपासणी चालवली तरी खूप झालं.

१६. डिस्क माउंटच होत नाही! एफएससीके मारू का?

थांबा. आधी डीएमईएसजी (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) बघा. त्यात आय/ओ एरर असतील तर डिस्कच मरायला टेकलीय, तिच्यावर दुरुस्ती चालवणं म्हणजे दम लागलेल्या म्हाताऱ्याला गड चढायला लावणं. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा, मग काय ते प्रतीवर करा.

डिस्क ठणठणीत असेल तर एक्स्ट४ला पहिल्यांदा "-एन" लावून नुसतं बघा, मग दुरुस्त करा. माउंट असलेल्या डिस्कवर कधीच नाही. एक्सएफएसला "एफएससीके" चालवून "काहीच एरर नाही" म्हणून खूश होऊ नका, ती कमांड तिथे काहीच करत नाही, मुद्दामच तशी आहे. तिथे एक्सएफएस_रिपेअर वापरायचं, तेही आधी एकदा माउंट करून लॉग पुरा होऊ द्यायचा प्रयत्न केल्यावर. "-एल" (एल कॅपिटल) म्हणजे तो लॉग फेकून देणं, अगदी शेवटचा उपाय. बीटीआरएफएसवर "चेक --रिपेअर"ला हातच लावू नका, जाणकाराला विचारल्याशिवाय.

१७. बाहेरच्या डिस्कचा डबा फोडून आतली डिस्क थेट पीसीला लावली, तर पार्टिशनच गायब. डेटा गेला?

गेला नसावा. काही डब्यांमधला यूएसबीचा बोर्ड ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क ४०९६ची आहे असं सांगतो, म्हणजे पार्टिशनचा तक्ता त्या मापाने लिहिलेला असतो. बोर्ड काढला की माप बदललं आणि हद्दी भलतीकडेच दिसायला लागल्या. काही बोर्ड तर डेटा एन्क्रिप्टही करतात. तेव्हा पीसीने "इनिशियलाइज करू का" किंवा "फॉरमॅट करू का" विचारलं तर नाही म्हणा, डिस्क परत त्याच बोर्डला लावा, डेटा दुसरीकडे काढा, आणि मग थेट पीसीला जोडून नव्याने जीपीटी तक्ता आणि एक्स्ट४ करा. डबा फोडताना तो बोर्ड कचऱ्यात टाकला असेल तर आधी कचऱ्याचा डबा उपसा.